शिवणीत सोडलेला महिना

नवं कॅलेंडर भिंतीवर चढलं की आमच्या घरातलं प्रत्येक माणूस आपापली तिथी शोधतं. आमच्याकडे वाढदिवस तारखेने होत नाहीत, तिथीने होतात. नवऱ्याची वैशाखातली, सासूबाईंची मार्गशीर्षातली, माझ्या लेकीची पौषातली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला फक्त माझी तारीख ठाऊक होती, आणि तीही शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. माझ्या आईला फोन लावून विचारणा झाली, "हिच्या वेळेला चंद्र केवढा होता, आठवतं का?" आई म्हणाली, "अर्ध्याहून जरा मोठा. आणि चिखल होता." तेवढ्यावरून माझी तिथी काढली गेली. काढली माझ्या नणंदेने.

नणंद-भावजय म्हणजे विळ्या-भोपळ्याचं सख्य, असं लोक धरून चालतात. चालोत. मला ताईंबद्दल लिहायचंय आणि मी चांगलंच लिहिणार आहे. ज्यांना भांडण वाचायचंय त्यांनीही थांबावं, तेही आहे.

ताई माझ्या नवऱ्याहून मोठ्या. घरात त्यांना 'जास्तीची' म्हणत. हाक मारताना नाही, त्यांच्याविषयी बोलताना. "जास्तीची आली का ड्यूटीवरून?" "जास्तीचीला सांग, येताना दूध आण." कारण त्या अधिक श्रावणात जन्मल्या. अधिक महिना दर तीनेक वर्षांनी येतो, पण दर वेळी श्रावणच अधिक होतो असं नाही. कधी ज्येष्ठ दुप्पट होतो, कधी आषाढ, कधी भाद्रपद. अधिक श्रावणाची पाळी मधे वर्षानुवर्षं येत नाही. बाकीची घरं अशा पोरांचं साध्या श्रावणात उरकून घेतात. सासूबाई मात्र नियमाच्या पक्क्या. "अधिकातली तिथी अधिकातच," म्हणायच्या. असला नियम पाळायला पदरचं काही जात नसेल तर माणसं फार पक्की असतात.

ताईंचा महिना आला तो त्यांच्या एकोणिसाव्या वर्षी. त्या दिवशी सकाळी नाहून, नवा ड्रेस घालून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मळमासात कसलं गोडधोड? निजात करू." अधिक श्रावण संपला, त्याच्या पाठोपाठ निज श्रावण, म्हणजे खरा मानलेला श्रावण आला. त्यात दर दिवसाआड कुठला ना कुठला सण. आज उपास, उद्या पूजा, परवा पाहुणे. त्या गर्दीत ताईंचा दिवस कुठे चेंगरला, कुणाला कळलंसुद्धा नाही. हे मला ताईंनी सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याने सांगितलं, हसत हसत. तो हसत होता म्हणून मला राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

आणि घरातले सगळे सण कोण करत होतं? ताई. त्या बसडेपोत ड्यूट्या लावतात. कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर, कुठला कंडक्टर कुठल्या फेरीला, ते त्यांच्या हातात. सणाच्या आठवड्यात पन्नास माणसं त्यांच्या टेबलापाशी तोंड पाडून उभी राहतात. "मॅडम, पहिली दिवाळी आहे." "मॅडम, आईचं श्राद्ध आहे." ताई सगळ्यांना सुट्टी देतात. कुणाचं खरं, कुणाचं खोटं, हे त्यांना तिथीवरून कळतं. एक जण वर्षातून दोनदा आईचं श्राद्ध करायचा. त्याला म्हणाल्या, "तुमच्या आईंना महिना तरी एकच राहू द्या हो." तरी सुट्टी दिली. आणि स्वतः पहाटेची पाळी संपवून घरी येऊन पडदे धुतले, माळ्यावरची भांडी काढली, पाट पुसले. सणाला घरात मांडलेलं प्रत्येक पान ताईंच्या हाताखालून गेलेलं. मग सगळे जेवायला बसले की सासूबाई पाहुण्यांना सांगणार, "आमच्याकडे सगळं अगदी वेळच्या वेळी होतं हो."

होतं. कोण करतं ते विचारा.

मी सीटा शिवते. गाड्यांच्या, सोफ्यांच्या, एकदा दंतवैद्याच्या खुर्चीचीही. पुढच्या खोलीत माझं मशीन आहे, जाडजूड, रेक्झिन फाडून आरपार जाणारं. माझ्या माहेरी सगळे हेच करतात. ब्लाऊज, झंपर, फ्रॉक हे मला सासूबाईंनी शिकवलं, कारण त्यांनी आयुष्यभर तेच केलं. माझा ब्लाऊज बघून पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "सूनबाई, ह्यात बाई बसायची आहे, बाईवर कुणी बसायचं नाहीय."

पंचांगाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मला वाटायचं, भटजींनी लोकांना अडकवून ठेवायला केलेली ही भानगड. एक दिवस मी चिडून ताईंना म्हणाले, "हे दर तीन वर्षांनी महिना घुसडायचं खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं?"

ताई नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या. पायांतल्या चपलाही काढल्या नव्हत्या. त्या माझ्या मशीनपाशी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "दोन लांब पट्ट्या एकावर एक ठेवून शिवल्यास की काय होतं?"

"काय होणार? मशीनचे दात खालची ओढतात, वरची मागे रेंगाळते. शेवटी एक आधी संपते आणि दुसरी जीभ काढून उरते."

"दोन्ही सारख्या कापल्या असल्या तरी?"

"तरी."

"मग चंद्राची पट्टी तर मुळातच तोकडी आहे. बारा चंद्र झाले की वर्ष झालं म्हणायचं, तर सूर्य अजून अकरा दिवस मागे. पुढच्या वर्षी बावीस. आणखी थोडी वर्षं तशीच शिवत गेलीस, तर दिवाळी भर पावसात आणि गुढीपाडवा कडाक्याच्या थंडीत."

"मग मी मधेच थांबून तोकडं पडलं तिथे तुकडा जोडते," मी म्हणाले.

"तेच केलंय त्यांनी."

मी दाबलेलं पायडल सोडलं. मी शाळेत सातवीपर्यंत गेलेली बाई. भूगोलाच्या मास्तरांनी मला चंद्राबद्दल एवढंच सांगितलं होतं की तो उपग्रह आहे, आणि मग छडी मारली होती. आणि इथे कुणीतरी, दुर्बीण नाही, घड्याळ नाही, नुसतं आभाळाकडे मान वर करून बसलेलं माणूस, आकाशाएवढ्या दोन पट्ट्यांची शिवण जुळवून गेलं होतं. हजार वर्षांत एक सण आपल्या ऋतूतून निसटला नाही. माझ्या हातची सीट पाच वर्षांत उसवते.

"पण तुकडा कुठे जोडायचा हे कोण ठरवतं?" मी विचारलं. "कुणाची मर्जी?"

"कुणाची नाही. हे बघ, सूर्याचा एक रूट आहे, त्याला बारा स्टॉप. एका चांद्रमहिन्यात साधारण एक स्टॉप लागतो. पण एखादा महिना असा येतो की अमावास्येपासून अमावास्येपर्यंत एकही स्टॉप लागत नाही. तो महिना अधिक. बस. त्याला नाव पुढच्याचं द्यायचं." त्या हसल्या. "आमच्याकडे त्याला जादा गाडी म्हणतात."

"आणि घरात मळमास म्हणतात."

"म्हणतात."

"मळका महिना! जो सगळ्यांना जागेवर ठेवतो तोच मळका? त्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तू नाही!"

"जादा गाडीला कुणी मळकी म्हणत नाही," ताई चपला काढत म्हणाल्या, "तिच्यात खिडकी मिळावी म्हणून मारामारी होते."

बाई अशी. आवाज कधी चढायचा नाही. माझा आवाज जन्मापासून चढलेला, म्हणून मला ते फार मोठं वाटतं.

त्यानंतर काही वर्षांनी नवं कॅलेंडर आलं. सासूबाईंनी आपला मार्गशीर्ष बघितला, नवऱ्याने वैशाख. ताईंनी पानं उलटली, मधल्या एका पानावर थांबल्या, आणि त्या पानावर बोट ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मी मागून डोकावले. श्रावण दोन होते.

मग जूनमधल्या एका रविवारी सकाळी चहा चालू असताना त्या म्हणाल्या, "आई, मी लग्न करतेय."

माझ्या नवऱ्याच्या बशीतला चहा बशीतच राहिला. सासूबाई आधी रडल्या, मग हसल्या, मग देवाच्या खोलीकडे हात जोडले, मग विचारलं, "कोण?"

"चष्मेवाले."

डेपोसमोर चष्म्यांचं दुकान आहे. तिथले गृहस्थ काचा घासतात, फ्रेमा बसवतात. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ताईंना ड्यूटीचे तक्ते वाचताना डोळ्यांना त्रास व्हायला लागला तेव्हा त्यांच्याकडे गेल्या होत्या. पहिल्या भेटीत ते एवढंच बोलले होते, "तुम्ही जवळचं फार बघता, लांबचं काहीच बघत नाही." ते नंबराबद्दलच बोलत होते. पण ताईंना ते लागलं.

"तो? अगं पण त्याचं नाक..." नवरा म्हणाला.

"चष्मा छान टिकतो त्यावर," ताई म्हणाल्या.

"नाकाचं राहू दे रे," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "गुरुजींना बोलाव. मुहूर्त काढू दे."

"मुहूर्त काढलाय, आई. नोंदणी पद्धतीने करायचंय. कचेरीत नोटीस देऊन आलोय आम्ही दोघं."

"कधीचा?"

"अधिक श्रावण, शुद्ध सप्तमी."

शुद्ध सप्तमी म्हणजे ताईंची जन्मतिथी.

"मळमासात?" सासूबाईंनी कप खाली ठेवला. "वेड लागलंय तुला? सबंध जगात कुणी करतं का?"

"कुणी करत नाही म्हणून तर कचेरी रिकामी असते," मी म्हणाले.

"तू गप्प बस."

मी बसले नाही, पण तो भाग सोडून देते.

गुरुजी आले. त्यांना मी शिव्या घालायला तयार बसले होते, पण ते भले गृहस्थ निघाले. म्हणाले, "अधिकात मुहूर्त नसतो. निज श्रावणातही नाही, भाद्रपदात तर पितरांचा पंधरवडा. तुळशीचं लग्न झालं की कार्तिकात बघू. तेवढं थांबा."

"अडतीस वर्षं थांबलेय, गुरुजी," ताई म्हणाल्या.

गुरुजींनी पंचांग मिटलं. "त्यावर आमच्या पोथीत उत्तर नाही, बाई. पण ह्या महिन्याची एक गोष्ट आहे. सगळ्यांनी त्याला झिडकारलं तेव्हा तो देवाकडे गेला रडत. देवाने त्याला आपलं नाव दिलं. पुरुषोत्तम मास."

"नाव दिलं, लग्न नाही दिलं," मी म्हणाले.

गुरुजी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझं ऐकायचं नसेल तर करा. मी त्या कचेरीची पायरी चढणार नाही."

आणि मग ताई जे बोलल्या त्याने माझ्या सगळ्या लढाईवर पाणी पडलं. त्या म्हणाल्या, "आई आली नाही तर मी सही करणार नाही. पण दिवसही बदलणार नाही."

दार ओढून घेतलं आणि ड्यूटीवर गेल्या.

मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावले. "ताई, काय बोललात हे! त्या नाहीच आल्या तर? पुन्हा हा महिना येईल तेव्हा तुम्ही सत्तावन्न वर्षांच्या असाल!"

"हिशोब बरोबर आहे तुझा," त्या म्हणाल्या.

"मग त्यांच्याशिवाय करा ना! काय अडलंय?"

त्या थांबल्या. "अगं, लग्न मला कुठल्याही दिवशी करता येईल. पण माझ्या दिवशी माझी आई माझ्यासाठी नटून घरातून बाहेर पडली, असं एकदाही झालेलं नाही. मला दोन्ही एकदम हवंय. जास्तीचं मागतेय, कळतंय मला."

चष्मेवाल्यांना मी जाऊन गाठलं. म्हटलं, तुम्ही तरी समजवा. ते काच उजेडात धरून बघत होते. म्हणाले, "मला कुठलाही दिवस चालतो. त्या ज्या दिवशी येतील तो." मग काच पुसत म्हणाले, "नाही आल्या तर मी इथेच आहे. दुकान कुठे जातंय?" मी परत येताना मनात म्हटलं, नाक काही वाईट नाही ह्या माणसाचं.

नवऱ्याचं विचारू नका. त्याला विचारलं, "अहो, तुम्ही आईशी बोलणार की नाही?" तर म्हणतो, "दोघी मोठ्या आहेत, मी कोण मधे बोलणारा?" हा माणूस क्रिकेटवर मात्र कप्तानाला सल्ले देतो.

ताई रोज कामावर जात होत्या. निज श्रावणात घरात काय काय लागेल त्याची तयारी करत होत्या, डबे घासत होत्या. सासूबाई रोज कॅलेंडरकडे पाठ करून बसत होत्या. दोघी एकमेकींशी अगदी गोड बोलत होत्या. मीठ दे गं, घे आई, पंखा लाव गं, लावते आई. तो गोडवा कानावर पडू नये म्हणून मी मशीन जोरात चालवायचे.

मी ब्लाऊज शिवायला घेतला. लग्न होवो न होवो, ब्लाऊज होणार. साडी चष्मेवाल्यांच्या बहिणीने दिलेली, हिरवीगार. मी मशीनवर बसले आणि सासूबाई आतून बाहेर येऊन खुर्चीत बसल्या. लग्नाला येणार नव्हत्या, पण शिवण बघितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. दारुड्याला गुत्ता तशी त्यांना शिवण.

मान पुढे करून बघितलं. मग म्हणाल्या, "गळा खोल घेतलास."

"त्यांनी सांगितलाय."

"तिने?" मग ब्लाऊज माझ्या हातातून ओढून घेतला, उलटा केला, बाहीची शिवण बोटांनी चाचपली. "माया किती सोडलीस?"

शिवणाऱ्यांची ही भाषा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. वरून दिसत नाही. माणूस जाड झालं, काही बदललं, की टाके उसवून ती माया बाहेर काढायची, कपडा पुन्हा अंगाला येतो.

"इंचभर," मी म्हणाले.

"इंचाने काय होतंय? बाई अडतिशीला लग्न करतेय, सुखाने अंग भरेल. दीड सोड. ज्या कापडात माया नाही ते कापड एकदाच अंगाला येतं."

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "कापडात माया सोडता, आई. वर्षात सोडली तर तिला मळकं म्हणता."

त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, आता कातर येते अंगावर.

"तोंड आवर," त्या म्हणाल्या. पण उठून गेल्या नाहीत. ब्लाऊज मांडीवरच धरून बसल्या. मी मशीन बंद केलं.

"तुला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "ती झाली तेव्हा माझ्या सासूने बारसं अडवलं. अधिकात नाव ठेवायचं नाही म्हणाली. महिनाभर पोर बिननावाची पाळण्यात. येणारा-जाणारा विचारायचा, ही कोण? तर सासू म्हणायची, ही जास्तीची. बाया हसायच्या. मी बाळंतीण, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नाव ठेवलं तोवर ते चिकटून गेलेलं होतं."

"मग तुम्ही का म्हणत राहिलात?"

त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं, पुढे, मागे. "तोंडाला बसलं. आणि तो महिना आला की मला त्या बाया हसलेल्या आठवायच्या. मी त्या महिन्याचा राग धरला गं. पोरीचा नव्हता."

"पोरीला कसं कळणार?"

मी हे खवचटपणे नव्हतं विचारलं. खरंच विचारलं होतं. त्यांना ते कळलं असावं. ब्लाऊज माझ्या मांडीवर टाकला आणि आत जाता जाता म्हणाल्या, "दीड इंच."

मी बाही उसवली आणि दीड इंच माया सोडून पुन्हा शिवली.

सप्तमीला सकाळी ताई हिरवी साडी नेसून बाहेर आल्या. सासूबाई देवाच्या खोलीत जप करत होत्या, दार पुढे लोटलेलं. ताई त्या दारापाशी क्षणभर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "आई, येते." आतून माळेचे मणी थांबले. मग पुन्हा सुरू झाले. नवरा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी बघतो." ह्या माणसाने आजवर काही बघितलेलं नाही, म्हणून मी आशा सोडली आणि ताईंबरोबर रिक्षात बसले.

कचेरीत लाकडी बाकं, भिंतीला पाठ टेकून टेकून तेलकट झालेला पट्टा, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. चष्मेवाले इस्त्रीचा शर्ट घालून आधीच येऊन बसलेले, शेजारी त्यांची बहीण. डेपोतले दोन ड्रायव्हर आलेले, गणवेशातच. त्यातला एक तोच, दोन श्राद्धांवाला. म्हणाला, "मॅडम, आज खरी सुट्टी घेतलीय."

कारकुनाने आमचा पुकारा केला. ताई म्हणाल्या, "पुढच्यांना घ्या."

पुढचं जोडपं सही करून, फोटो काढून, पेढे वाटून गेलं. कारकुनाने पुन्हा पुकारलं. ताई म्हणाल्या, "अजून एकांना घ्या."

"बाई, मागे आता कुणी नाही," कारकून म्हणाला. "मळमास आहे. सगळी रांग तुमचीच. आणि मला जेवायला जायचंय."

"थोडं थांबा."

"नवरा पसंत नाही का?"

"आहे," ताई म्हणाल्या, इतक्या सरळ, की चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

कारकून डबा काढून टेबलावर ठेवत होता, तेवढ्यात खाली स्कूटरचा फटफट आवाज झाला. ती आमची स्कूटर. तिचा सायलेन्सर फुटलेला आहे, दुसऱ्या गल्लीतूनही ओळखू येतो. मग जिन्यात चपला वाजल्या, एक पायरी, दम, एक पायरी, दम. दारात सासूबाई. ठेवणीतली साडी, केसांत फूल, हातात स्टीलचा डबा, खांद्याला पर्स. मागे माझा नवरा, घाम पुसत, जणू त्यानेच त्यांना पाठीवर घेऊन आणलंय.

ताई उभ्या राहिल्या.

"बस," सासूबाई म्हणाल्या. "मी लग्नाला आलेले नाही. मळमासात लग्न नसतं, ते मी मानत नाही आणि मला दिसतही नाही. माझ्या पोरीचा आज वाढदिवस आहे. एकोणीस वर्षांनी आलाय. त्याला मी आलेय." डबा उघडला, त्यात घरी केलेलं गोड होतं. एक घास ताईंच्या तोंडात घातला. दुसरा चष्मेवाल्यांच्या. "हे कोण पाहुणे मला ठाऊक नाही, पण वाढदिवसाला आलेत, तर खावं." तिसरा कारकुनाला. तो बिचारा खात खात म्हणाला, "आजी, तुम्ही साक्षीदार?"

"कशाची? मला काही दिसत नाही म्हटलं ना." आणि त्या वळून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भिंतीवर बँकेचं कॅलेंडर होतं. "ह्यात तर तिथीच नाहीत," त्या भिंतीला म्हणाल्या. "कचेऱ्या चालतात तरी कशा."

मला हसू आवरेना आणि रडूही. ही बाई! आयुष्यभराचा नियम तिने मोडला नव्हता. नियमातच जागा शोधली होती, आणि त्या जागेत पोरीला बसवलं होतं. ज्यांनी चंद्र-सूर्य जुळवले त्यांच्यातलीच असणार कुणीतरी.

आधी चष्मेवाल्यांनी सही केली, बारीक, नीट. मग कारकुनाने वही ताईंकडे सरकवली. टेबल रुंद. ताई वाकल्या, पेन घेतलं, हात लांब केला, आणि टर्रर्र!

बाही काखेपाशी उसवली. चूक माझी. मी सीटा शिवणारी बाई, बाही जोडतात तो मुंढा ओढून शिवला होता. ताई हात धरून तशाच उभ्या राहिल्या. एका हाताने पेन, दुसऱ्याने बाही. ड्रायव्हरांनी माना वळवल्या. कारकून छताकडे बघायला लागला.

भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला डोळ्यांनी दिसत नसेल, पण टाका तुटल्याचा आवाज सासूबाईंना झोपेतही कळतो. त्या गर्रकन वळल्या.

"सीट शिवलीस की काय?" मला म्हणाल्या. पर्समधून डबी काढली. सुई, दोरा, छोटी कातर, हे त्यांच्या पर्समध्ये पैशांच्या आधीपासून असतं. ताईंना उजेडाकडे वळवलं, दंडाची शिवण कातरीच्या टोकाने दोन ठिकाणी उसवली आणि आतलं कापड बोटाने बाहेर काढलं. दोरा ओवला, दातांनी तोडला, भराभर कच्चे टाके घातले.

"बघ," त्या मला दाखवत म्हणाल्या, "दीड इंच होता म्हणून निभावलं. म्हणून माया सोडायची असते."

आणि बोलता बोलता थांबल्या. सुई तशीच हातात. त्यांनी मान वर करून ताईंकडे बघितलं. ताई त्यांच्याकडेच बघत होत्या, पेन हातात धरून, गोडाचा कण ओठाला चिकटलेला.

सासूबाईंनी तो कण अंगठ्याने पुसला. शेवटची गाठ मारली, दोरा तोडला, बाही ओढून सरळ केली.

"हात लांब कर बघू. आता ओढतंय का?"

"नाही, आई."

"मग माझ्याकडे काय बघतेस? कर सही. सप्तमी संपेल."